करंडा जपानास गेला त्याची हकिगत

श्रीगजाननास वंदन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि आजवर ज्यांनी लग्नकार्यात आहेर केले व ज्यांनी ते हसतमुखाने माळ्यावर टाकिले त्या उभय पक्षांस नमस्कार. शके १९४५, शोभननाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी एका राज्यात मोठे मंगलकार्य जाहले, त्याची हकिगत ऐसीजे. राज्याचे नाव घेण्याचे प्रयोजन नाही. राज्य म्हणजे तीन खोल्या व एक गॅलरी, परंतु तिसऱ्या मजल्यावर असल्याकारणे आणि लिफ्ट बहुतकरून बंद असल्याकारणे गडाची योग्यता पावलेले. गडाच्या स्वामिनी द्वारकाबाई. त्यांचे यजमान आबासाहेब पूर्वी पाटबंधाऱ्याच्या कचेरीत अंमलदार होते, हल्ली वर्तमानपत्राआड मुक्काम करून असत. चिरंजीव श्रीरंग यंत्रांच्या कारखान्यात चाकरीस होते, आणि त्याच कारखान्यात जपान बेटांहून कायो नामे कन्या दुभाषीपणाच्या कामावर आली, आणि मराठी शिकली, आणि भाजीवालीशी घासाघीस करू लागली, आणि मग सून होऊन गडावर दाखल जाहली. ही कायो लहानपणीच आईस अंतरली होती. फुमिए म्हणून तिची आत्या, सडीफटिंग बाई, तिने तिचा सांभाळ केला. ती आत्या लग्नास आली नाही. "एवढ्या लांब मुलगी देणे म्हणजे समुद्रात खडा टाकणे," इतके बोलून तिने जे मौन धरिले ते सोडिले नाही, आणि कायो रोज फोन उघडून पाही आणि मिटी, हे द्वारकाबाई पोळ्या लाटता लाटता पाहात होत्या.

मग लग्नाची मांडणी आवरून गादीवाल्याच्या गाद्याही परत गेल्या, तेव्हा जपानाहून टपालाने एक पेटी आली. आत लाखेचे लाल वाडगे, जोडीने, आणि आत्याचे नाव. चिठ्ठी नाही, आशीर्वाद नाही. तरी कायोने वाडगे उराशी धरिले आणि म्हणाली, "आई, आत्याने पाठवलं. आता आपण परत पाठवायचं."

"परत? का गं, तडा गेलाय?"

"नाही. तसं परत नाही. आमच्याकडे लग्नाची भेट आली की तिच्या निम्म्याची भेट उलट पाठवतात. महिन्याच्या आत."

निम्म्याची, हा शब्द बाईंच्या कानी पडताच त्यांनी लाटणे खाली ठेविले. बाईंनी आहेराचा तो काळ पाहिला होता की मांडवात कर्ण्यातून नाव पुकारीत, अमक्यांकडून तांब्याभांडे, तमक्यांकडून भिंतीवरचे घड्याळ, आणि ज्याचे नाव पुकारले तो मान ताठ करून पंगतीस बसे. ते आहेर माळ्यावर जात आणि पुढल्या लग्नसराईस पुन्हा खाली उतरत. बाईंकडचा एक लेमनसेट शेजारच्या मंजूच्या लग्नात गेला तो किती घरे हिंडला देव जाणे, आणि बाईंच्याच पुतण्याच्या मुंजीत परत आला. बाईंनी सुरईचा टवका ओळखिला आणि माहेरपणास आलेल्या लेकीप्रमाणे त्यास घरात घेतले. आहेर फिरे, परंतु कधी संपत नसे, आणि निम्मा तर कोणी कधीच केला नव्हता.

मग दिवाणखान्यात दरबार भरला. आबासाहेबांच्या भगिनी चंपूवन्सं, ज्यांचा सल्ला विचारला नाही तर त्या दुप्पट देत, त्या खास रिक्षा करून आल्या. वन्सं बोलिल्या, "निम्मं म्हणजे काय गं वहिनी? आपण काय अर्ध्या तिकिटावर जगतोय? चांगली पैठणी पाठवा."

कायो म्हणाली, "पैठणी फार होईल. घेतलं त्याहून जास्त दिलं तर त्याचा अर्थ, तुमची भेट आम्हाला नको, हिशोब संपला, असा होतो."

"मग चांदीचा अडकित्ता पाठवा. दिसायला केवढा देखणा!"

"कापणारं काही नको. नातं कापतं."

"कशिद्याचे हातरुमाल?"

"ते डोळे पुसायला. निरोपाचे."

"अगं, चहा तरी चालेल? आसामचा आणू उत्तमातला."

"चहा आमच्याकडे मयताला येणाऱ्यांना देतात."

तेव्हा वन्संनी हातातला कप हळूच खाली ठेविला, आणि वर्तमानपत्राआडून आबासाहेब वदले, "चंपू, तुझ्या लग्नात आपण सगळ्यांना चहाच दिला होता. मेहुणे अजून ठणठणीत आहेत."

"दादा, तू वाच तुझा पेपर."

मग द्वारकाबाईंनी विचारिले, "तर मग पाठवायचं तरी काय, बाई?"

कायोने सांगितले की जी वस्तू खाऊन, वापरून संपते ती उत्तम, कारण ती घेणाराच्या घरात बसून राहात नाही आणि मनावर ओझे होत नाही. आणि मग लाजत म्हणाली, "आई, तुमचे शंकरपाळे."

हे ऐकून वन्संनी कपाळावर हात मारिला. शंकरपाळे! दिवाळी सरली की डब्याच्या तळाशी जे उरतात ते शंकरपाळे समुद्रापार जाणार! परंतु सुनेचा पहिला हट्ट म्हणून बाईंनी कणीक, रवा, तूप, साखर काढिली आणि दोन प्रहर खपून असे खुसखुशीत शंकरपाळे तळिले की आबासाहेब वर्तमानपत्र सोडून दोनदा स्वयंपाकघरात येऊन गेले. कायोने ते डब्यात भरिले, डबा पेटीत ठेविला, पांढरा कागद गुंडाळिला आणि वरून लाल-पांढऱ्या दोरीची अशी गाठ मारिली की टोके आकाशाकडे आणि मध्ये सुटायला जागा नाही. टपालात उद्या टाकावी ऐसे ठरून ती कारखान्यात गेली.

इकडे बाईंस चैन पडेना. दुपारी गडावर सामसूम जाहली, आबासाहेब घोरू लागले, आणि बाई त्या पेटीसमोर बसून मनाशी बोलू लागल्या की वाडग्याचे निम्मे शंकरपाळे, हे ठीक. परंतु त्या बाईने नुसते वाडगे दिले काय? तिने पोर दिली. आई मेलेली पोर न्हाऊमाखू घातली, शिकविली आणि आमच्या गडावर धाडिली. लेकीचे निम्मे कसे काढायचे? ऐसा विचार करून बाई उठल्या आणि देवघरातून चांदीचा करंडा काढिला. हा करंडा बाईंच्या आईने त्यांस सासरी निघताना ओटीत घातला होता. गडावरचे सर्व आहेर माळ्यावर गेले, हा एकटा कधी गेला नाही. रोज सकाळी त्यातलेच कुंकू बाई लावीत. तो त्यांनी पुसून लख्ख केला, कुंकू एका प्लॅस्टिकच्या डबीत ओतिले, आणि पेटी उघडू लागल्या. तो गाठ सुटेना. नखांनी पाहिले, आकड्याने पाहिले, दाताने पाहिले. मग मनात आले, ती आत्या तर सत्तरी ओलांडलेली. माझी ही बोटे सकाळी वाटी धरीत नाहीत, तिची काय गत? म्हातारीने पेटी उघडायची कशी? ऐसी दया येऊन बाईंनी कातर आणिली, गाठ कापिली, करंडा शंकरपाळ्यांत खुपसला, आणि कायोच्या गुंडीतली उरलेली लाल-पांढरी दोरी घेऊन सुंदर फुलासारखी सुरगाठ मारिली, की एक टोक ओढिले आणि मोकळी जाहली. आणि स्वतःच टपालकचेरीत नेऊन पेटी रवाना केली, आणि सुनेस "तुझी खेप वाचवली" एवढेच कळविले.

पेटी पोहोचावयास जो काळ लागला त्यात बाई मनातल्या मनात आत्याचा आनंद पाहात होत्या. मग एके रविवारी नाष्ट्याच्या समयी कायोचा फोन वाजला. आत्याचा निरोप. कायोने वाचिला आणि तिचा चेहरा पोह्यांवरच्या खोबऱ्यासारखा पांढरा जाहला.

श्रीरंगांनी विचारिले, "काय म्हणते?"

"'पोहोचलं. परत पाठवते आहे.' एवढंच." मग ती सासूकडे वळली. "आई, शंकरपाळे कोण परत पाठवतं?"

बाईंच्या हातातला चमचा थांबला. मग त्यांनी होते तसे सारे सांगितले, करंडा, कातर आणि सुरगाठ. कायो रडली नाही, ओरडली नाही. ती नीट समजावून सांगू लागली, आणि तेच बाईंस अधिक लागले. "आई, ती फुलासारखी गाठ बाळाच्या जन्माला बांधतात. वाढदिवसाला. जे पुन्हा पुन्हा व्हावं त्याला. लग्नाला घट्ट गाठ. सुटणारी बांधली तर त्याचा अर्थ, हे लग्न सुटू दे, दुसरं होऊ दे. आणि चांदी पाठवली म्हणजे, तुमची भेट नको, तुम्हीही नको." आणि थांबून म्हणाली, "ती आधीच रागावली होती. आता माझ्याशी बोलणार नाही."

"अगं, मी तिच्या बोटांसाठी गं..."

"मला कळलं, आई. तिला कसं कळणार?"

राज्यात मोठी अवकळा पसरली. चंपूवन्संनी फोनवरून "मी पैठणी सांगत होते" ऐसा टोला दिला, तो आबासाहेबांनी "पैठणी गेली असती तर जपानने युद्ध पुकारलं असतं" म्हणून परतविला. बाई रोज प्लॅस्टिकच्या डबीतले कुंकू लावीत आणि आरशात स्वतःकडे धड पाहात नसत. करंडा परत येईल याचे सुख त्यांस काही वाटेना, कारण करंडा आला म्हणजे सुनेचे माहेर गेले, इतका त्याचा अर्थ त्यांस आता कळून चुकला होता. आणि मुलीस माहेर नसावे, आणि ते आपल्या हाताने तुटावे, हे शल्य त्यांनी यजमानांस देखील सांगितले नाही.

मग टपालाचा मनुष्य जिना चढून धापा टाकीत आला आणि पेटी देऊन गेला. पेटी लहान. पांढरा कागद, आणि त्यावर गाठ. कायोने पेटी उजेडाकडे धरून गाठ निरखिली. ती घट्ट गाठ होती, टोके आकाशाकडे, अशी आवळलेली की दोरी कण्हत असावी. बाई म्हणाल्या, "कातर आणू नकोस. आता मी मेले तरी ही कापू देणार नाही." मग कायोने दोरी न सोडिता कोपऱ्यावरून अलगद सरकविली, आणि कागद काढिला, आणि पेटी उघडिली. आत कापसात करंड्याचे झाकण होते. नुसते झाकण.

श्रीरंगांनी कापूस उपसून पाहिला. "खालचा भाग कुठाय? वाटेत पडला की काय?"

आबासाहेब वदले, "कोणी चोरलं असेल तर झाकणासकट चोरील. बिनझाकणाचा चोर मी ऐकला नाही."

इतक्यात फोन वाजला, आणि पडद्यावर आत्याबाई प्रकट जाहल्या. केस पांढरे, मुद्रा अशी की मास्तरीण वर्गात आली. कायो उठून ताठ उभी राहिली. आत्या बोलू लागल्या आणि कायो भाषांतर करू लागली.

"म्हणते, गाठ पाहून फार राग आला. या लोकांना काही रीत नाही, असं वाटलं. पेटी तशीच कोपऱ्यात ठेवली. मग वाटलं, बघू तरी. टोक ओढलं आणि..." येथे आत्याबाईंनी दोन्ही हात पडद्यासमोर धरिले. बोटे सांध्यांशी वाकलेली, आल्याच्या गड्ड्यासारखी. "म्हणते, किती वर्षांत कुठली पेटी स्वतः उघडली नाही. शेजारणीला बोलवावं लागतं. ही एका बोटाने उघडली. मग कळलं, गाठ बांधणाऱ्या बाईची बोटंही माझ्यासारखीच असणार."

द्वारकाबाईंनी आपलेही हात पडद्यासमोर धरिले. समुद्रापलीकडे आत्याबाईंनी ते निरखून पाहिले आणि मान हलविली.

"म्हणते, गाठ चांगली होती, पण चुकीची होती. आता मी बांधली आहे ती बरोबर. ती सोडू नका."

"सांग तिला, कापणारही नाही."

"आणि म्हणते, चांदी फार झाली. निम्मं परत करायची रीत आहे, म्हणून निम्मं केलं."

चंपूवन्सं तेव्हा हजर होत्याच. त्या पुटपुटल्या, "अगं, पण झाकणाशिवाय करंडा तिला काय कामाचा? आणि करंड्याशिवाय झाकण आपल्याला?"

हे कायोने न विचारिता भाषांतर करून पाठविले. त्यावर आत्याबाई प्रथमच हसल्या, आणि जे बोलल्या ते कायोस लवकर सांगवेना. पदर नव्हता म्हणून तिने ओढणीने डोळे पुसले.

"म्हणते, म्हणूनच. उरलेलं घेऊन मी स्वतः येते, थंडी ओसरली की. तोवर झाकण हरवू नका."

"आणि शंकरपाळे?" आबासाहेबांनी वर्तमानपत्र खाली करून पुसिले. "ते कसे लागले?"

कायोने विचारिले. आत्याबाईंनी शंकरपाळ्यांचा रिकामा डबा उचलून पडद्याकडे उलटा धरिला. एक कण पडला नाही.

"म्हणते, संपले."

तेव्हा द्वारकाबाई उठल्या आणि रवा चाळू लागल्या.

ऐसी ही हकिगत. झाकण देवघरात आहे, त्याखाली काही नाही, आणि शेजारच्या खिळ्यास लाल-पांढरी गाठ टांगलेली आहे. कुंकू अद्यापि प्लॅस्टिकच्या डबीत. शंकरपाळ्यांचा डबा मात्र भरलेला असतो, आणि आबासाहेबांस त्यास हात लावण्याची मनाई आहे, कारण तो पाहुण्यांचा आहे. फाल्गुनाअखेर पाहुणे येणार. बहुत काय लिहिणे.