निरोपाला सुतळीची शेपटी

आमच्या शेजारचे गायकवाड सर दारावर चिठ्ठी लावत आणि तिला सुतळीची शेपटी बांधत. बाजूला कात्री टांगलेली. चिठ्ठी वाचणाऱ्याने शेपटी बोटभर कापायची. शेपटी संपली की निरोप बाद. मुलांनो, जुन्या जालन्यातली आमची अख्खी गल्ली इमानाने कापत असे.

सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवत. पेशीतला निरोप, म्हणजे एमआरएनए, असाच असतो म्हणत. त्याच्या टोकाला एकाच अक्षराची, अ-अ-अ अशी लांब शेपटी. ती झिजून संपली की निरोप मोडीत. पण ती जल्दी कापायची की वाढवायची, हे निरोपाच्या अंगावरच्याच खुणा ठरवतात. म्हणून सर महत्त्वाच्या चिठ्ठीवर लाल फुली करत. तिथे कापायचं नाही, उलट सुतळी जोडायची.

एकदा ‘दूध नको’ या चिठ्ठीची शेपटी शेळीने खाल्ली. निरोप बाद धरून दूधवाल्याने दूध घातलं. सर म्हणाले, "त्याचं बराबर आहे. शेळीला मी शिकवलं न्हाई."

त्यांची एकुलती लेक सुषमा, मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून सरांनी तिला पुन्हा येऊ नको म्हटलेलं. बायको आधीच गेलेली. सुषमाला बोलवा, असं मी एकदा सुचवलं. सर म्हणाले, "अंड्यात काही निरोप आखूड शेपटीनं पडून असतात, वहिनी. मेलेले न्हाईत. वेळ आली की शेपटी वाढती, मंग वाचले जातात."

वेळ कुणी आणायची, ते सांगितलं नाही.

गल्लीत फोन आमच्याकडेच होता. एका दुपारी सुषमाचा फोन आला. परतूरला आली होती, उद्या जालन्यावरून जाणार होती. बाबांना विचारा, घरी आले तर चालेल का? संध्याकाळी पुन्हा फोन करते म्हणाली.

मी विचारायला गेले तेव्हा सर डाळ घोटत होते. "ये म्हणा," एवढंच बोलले.

मी घरी पोचते तो मागून आले. "जेवायला ये म्हणा."

गेले. मी कुकर लावला, तर खिडकीत उभे. "जावईबापूंना घेऊन ये म्हणा."

मग घरी गेलेच नाहीत. आमच्या ओट्यावर बसून राहिले, अनवाणी. फोन वाजला तेव्हा मी रिसीव्हर त्यांच्यापुढे धरला. त्यांनी नको म्हणून मान हलवली. मी तिन्ही निरोप सांगितले.

"राह्यला ये म्हणा," मागून आवाज आला. "पोळ्या येतात मला आता."

तेवढं मी सांगितलं नाही. रिसीव्हर त्यांच्या कानाला लावला. तिकडून सुषमा काय बोलली, ठाऊक नाही. सर नुसतं "हां, हां" म्हणत राहिले. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून मी जाऊन कुकर बंद केला.