तालमीबाहेरचा चॅम्पियन

गेनूतात्या बोलताना माणसाच्या डोळ्यांकडे बघत नसत, हनुवटीकडे बघत. पौडच्या कचेरीत एकदा नवे तहसीलदार मान ताठ करून कुणावर तरी ओरडत होते. तात्या दारातूनच कळवळून म्हणाले, "सायेब, हनवटी खाली घ्या. एक बसली तर आडवं व्हाल!"

एसटीच्या रांगेतसुद्धा त्यांच्या टाचा जमिनीला टेकत नसत. पहाटे बैलाचा कासरा घेऊन दोरीवरच्या उड्या मारत. पाण्याला निघालेल्या बाया हसत, "तात्या, आमच्यासंगं फुगडी बी घाला की!"

"या की! दम टिकला तर!"

आमचा मुलूख कुस्तीचा. पण तात्या आमच्या बौद्धवाड्यातले. त्यांच्या लहानपणी तालमीच्या मातीला त्यांचा पाय लागू द्यायचा नाही, हा गावाचा धर्म. धर्म कसला, माज! तात्या पलटणीत गेले, मातीऐवजी दोरांच्या चौकोनात उतरले आणि साऱ्या फौजेचे बॉक्सिंगचे चॅम्पियन होऊन आले. आईने मोडकं नाक बघून विचारलं, "मार खायाचा पगार देत्यात व्हय रं?" गावाने तर विश्वासच ठेवला नाही. बॉक्सिंग बघितलंय कुणी!

आणीबाणी उठली त्या वर्षी आम्ही पोरांनी ठरवलं, तात्यांचा सत्कार करायचा, तोही तालमीच्याच दारात. ज्यांनी हाकललं त्यांच्याच वस्तादाने हार घालायचा. पत्रक मीच लिहिलं. तात्यांना विचारलं, "तुम्हाला जिंकताना बघितलेलं कुणी आहे का? भाषणाला बोलावू."

"सातारकडचा सर्जेराव हाय. त्यानं लई जवळनं बघितलं."

"म्हणजे?"

"त्यालाच पाडला न्हवं का!"

सर्जेराव आले. मुलाने हाताला धरून आणले. हात थरथरत होते, पण तात्यांना बघताच म्हातारा लहान पोरासारखा हसला. तालमीसमोर गाव जमलं होतं. वस्ताद हार घेऊन तयार. सर्जेरावांपुढे माईक धरला.

"ह्या गेन्याला म्या तिसऱ्या फेरीत पाडला," ते खणखणीत म्हणाले. "म्या चॅम्पियन झालो. पर गडी लई गुणाचा!"

गर्दीत खसखस पिकली. वस्ताद म्हणाले, "मग ह्यो हार घालू कुणाला?"

मी उसळून उभा राहिलो. आयुष्यभराची एकच कमाई, तीही याच दारात लुटली जाणार! तात्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात एवढा जड असेल असं वाटलं नव्हतं. मी बसलो.

तात्यांनी वस्तादांच्या हातातला हार घेतला, सर्जेरावांच्या गळ्यात घातला आणि पंचाने धरावा तसा त्यांचा हात धरून आभाळाकडे उंच केला. गावाने टाळ्या वाजवल्या. सर्जेरावांचा मुलगा तेवढा खाली बघत होता.

स्टँडकडे जाताना सर्जेराव मुलासोबत पुढे होते. माझ्याने राहवेना. "तात्या, खोटं का मान्य केलंत? तेही त्या तालीमवाल्यांसमोर?"

"त्याला पोराचं नाव आठवंना आता. डोस्क्यात येवढंच एक ऱ्हायलंय. त्ये बी काडून घिऊ?" थोडं चालून ते म्हणाले, "त्या दिशी पडला तवा लई वेळ उठला न्हाई त्यो. माझ्या उजव्या ठोशानं पडलावता."

मी पत्रकांत माणुसकी हा शब्द शेकडो वेळा लिहिलाय. त्या दिवशी तो माझ्या शेजारून चालत होता आणि मला त्याच्या पावलाला पाऊल जुळवता येईना.

गाडी सुटायला आली. हार घातलेले सर्जेराव खिडकीतून वाकले आणि तात्यांचा गाल थोपटून म्हणाले, "नाराज हू नगंस, गेन्या. फुडल्या वर्षी तूच जितशील."

"व्हय, दादा," तात्या म्हणाले. "लई मेहनत करीन."