चुरीकाकांचे दहा आकडे

चुरीकाका वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी एकाच वेळी अकरा वेळा गरोदर होते. हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी कळलं आणि मी जी हादरले ती अजून पुरती सावरलेली नाही.

तलासरी तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी डॉक्टर म्हणून नुकतीच रुजू झाले होते. पहिलीच मीटिंग. समोर नर्स, फार्मासिस्ट आणि कोपऱ्यात गळ्यात मोबाइलची पिशवी अडकवलेले एक गृहस्थ. मोबाइल वाजला. त्यांनी चष्मा लावून मोठ्याने वाचलं, "अभिनंदन! आपला सातवा महिना सुरू झाला आहे. डाव्या कुशीवर झोपावे." मग वहीत टिपून घेत मला म्हणाले, "डाव्या कुशीवर, मॅडम. बराबर ने?"

कोणी हसलं नाही. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

चुरीकाका आमचे कंत्राटी डेटा एंट्री ऑपरेटर. डहाणूकडच्या चिकूच्या वाडीतून रोज स्कूटरवर यायचे. सीमेजवळच्या माणसाची सवय म्हणून अर्ध्या वाक्यांच्या शेवटी गुजराती 'ने' लावायचे. पेशंटची नोंद ज्या सिस्टीममध्ये व्हायची, तिला ते घरातल्या तापट बाईसारखं वागवत. "आज तिचा मूड नाय." "तिला विचारून बघतो." एकदा स्क्रीन गोठली, तर त्यांनी माउस बाजूला ठेवला आणि शांतपणे चिकू सोलत बसले. म्हणाले, "रागात असताना बोलायचं नाय, मॅडम."

ज्यांना जन्मतारीख माहीत नाही, त्यांना तारीख काकाच द्यायचे. मी यादी पाहिली तर मंगळवारी जन्मलेलं कोणीच नाही! जाब विचारला तर म्हणाले, "माझ्या हाताने मंगळवारी कोणाला जन्माला घालत नाय."

मी नाशिकची, शिस्तीत वाढलेली. चुकीची माहिती म्हणजे माझ्या डोक्यात तिडीकच जाते. रोज मी त्यांना सुनवायची, "काका, हा सरकारी डेटा आहे. माहिती चुकीची असून चालत नाही!" ते मान डोलवायचे. आणि चार वाजले की स्कूटर काढून गायब. वाडीला पाणी लावायला जात असणार, असं धरून मी सरळ हजेरीवर लाल शेरे मारले.

मग जिल्ह्याहून पत्र आलं. गेल्या काही वर्षांतल्या आमच्या शेकडो गरोदर बायका आणि बाळं यांच्या नावापुढे एकच मोबाइल नंबर होता. लाभार्थी बोगस असल्याचा संशय, तपासणी होईल, जबाबदार ऑपरेटरचं कंत्राट रद्द होईल.

नंबर काकांचा होता. मी पत्र घेऊन तडक त्यांच्या टेबलाशी गेले.

"काका! हे काय करून ठेवलंत?"

"ती दहा आकडे मागते, मॅडम," काका स्क्रीनकडे बोट दाखवून म्हणाले. "दिल्याबिगर पुढेच जात नाय. पाड्यावर फोन कोणाकडे आहेत? बाई दारात उभी, पोट आलेलं. तिला काय सांगू, आकडे घेऊन ये?"

"पण लोक तुम्हाला बोगस म्हणतायत!"

"मला म्हणू देत," काका पहिल्यांदाच चिडले. "पण ही यादीतली रमिला बोगस? कालच तर माझ्याशी भांडून गेली."

दोन दिवसांनी तपासणी अधिकारी आले. काकांना केंद्रावरच बसवून ते मला घेऊन जीपने निघाले. यादीतली नावं त्यांनी स्वतः निवडली. पहिलं घर रमिलाचं. ती अंगणात भात वाळवत होती, पाठीशी झोळीत बाळ. म्हणजे बाई खरी, बाळही खरं.

"हा नंबर कोणाचा?" साहेबांनी विचारलं.

"काकांचा. आमच्याकडं फोन कुठं?"

"मग लसीचा मेसेज तुला कसा कळतो?"

"काका येतात ना सांगायला. पाच वाजता स्कूटर वाजली का आम्ही समजतो, कोणाची तरी सुई आली." मग ती तोंडाला पदर लावून हसली. "मी पोटुशी होते तवा कुंपणाबाहेर उभं राहून, तिकडं तोंड करून ओरडायचे, डाव्या कुशीवर झोप!"

दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या पाड्यावरही तेच. एका म्हातारीने तर आम्हालाच झापलं, "आज काका का नाय आला?"

मला तोंड वर करता येईना. माझे ते लाल शेरे! हा माणूस रोज चार वाजता निघून पाडे पालथे घालत होता आणि मी खुशाल गैरहजेरी लावत होते. लाज वाटली, भयंकर लाज वाटली.

साहेबांनी कंत्राट वाचवलं, पण अट घातली: आठ दिवसांत तो नंबर सगळीकडून काढायचा आणि त्याजागी त्या त्या पाड्यावरच्या आशाताईंचा, म्हणजे तिथल्या आरोग्यसेविकेचा, टाकायचा. बरोबरच होतं ते. लाल शेरे मी माझ्या सहीने रद्द केले. काका मान खाली घालून एकेक नाव बदलत गेले. गळ्यातली पिशवी वाजायची कमी झाली, मग थांबलीच. ते अधूनमधून मोबाइल काढून बघायचे आणि परत ठेवायचे.

आठव्या दिवशी मी यादी तपासायला बसले. काकांच्या नंबरावर एकच नोंद उरली होती, दामोदर चुरी, रक्तदाब. ती त्यांची स्वतःचीच. खाली 'जवळच्या नातेवाइकाचा नंबर' या रकान्यात कोडसकट दहा आकडे होते. मला ते ओळखीचे वाटले. आमच्याच केंद्राचा फोन! तो काकांच्या टेबलावर असतो.

"काका, तुम्हाला काही झालं तर हा फोन उचलणार कोण?"

"मीच ने," ते सवयीने बोलून गेले आणि त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "बायको गेली, मॅडम. मूलबाळ नाय. रकाना रिकामा ठेवला तर ती पुढे जात नाय."

मी कीबोर्ड ओढून घेतला आणि माझा नंबर टाकला. सिस्टीमने नातं विचारलं आणि यादी उघडली. मी 'मुलगी' निवडलं.

काका स्क्रीनकडे वाकून बघत राहिले.

"मॅडम," ते हळूच म्हणाले, "ही चुकीची माहिती झाली."

"असू दे," मी म्हणाले.