उकंडरावांची अट

गावच्या कोतवालाची जागा रिकामी झाली आणि अर्ज दोनच आले. एक सरपंच उकंडरावांच्या मेव्हण्याचा, पुंजाजीचा. दुसरा गावाबाहेरच्या बंजारा तांड्यावरच्या हेमसिंगचा. हेमसिंग सातवी पास होता, पुंजाजी दुसरीतून पळालेला. नेमणुकीसाठी वाशीमहून तहसीलदार आले, तेव्हा उकंडरावांनी चहाच्या आधीच विषय काढला.

"साहेब, हेमसिंग मानूस चांगला हाये. पन तांड्यावरच्याचं गावात कोन ऐकन?"

"सरकारी नियमात गाव-तांडा असं काही नाही, सरपंच."

"मंग परीक्षाच घ्या! दोघंबी दवंडी देतीन. ज्याच्या हाकेवर जास्त लोक चावडीवर येतीन, तो कोतवाल."

अर्धं गाव उकंडरावांच्या भावकीचं. त्यामुळे ही अट त्यांना फारच न्यायाची वाटत होती. हेमसिंगने मान डोलावली. ही नोकरी लागली तर दरवर्षी ऊसतोडीला जाणं टळणार होतं. त्याची बायको धुरपताबाई लिंबाखाली देवाचं नाव घेत उभी होती.

पहिला मान पुंजाजीचा. डफडं बडवत तो गावभर ओरडला, "ऐका हो ऐका! वाशीमचे साहेब जीप घेऊन आले! समद्या बाप्यांनी आत्ताच्या आत्ता चावडीवर या!"

साल शहात्तरचं. आणीबाणीत बाप्यांना धरून नेणाऱ्या नसबंदीच्या जीपा गावोगाव फिरत होत्या. बघता बघता गावातले सगळे बापे तुरीच्या वावरात शिरले. त्यांना पळताना पाहून पुंजाजीच्याही डोक्यात उजेड पडला. डफडं टाकून तो सगळ्यांच्या पुढे पळाला.

चावडीवर साहेब, उकंडराव आणि हेमसिंग सोडले तर चिटपाखरू नव्हतं. तहसीलदारांनी हेमसिंगकडे पाहिलं.

"साहेब, जीपमंदी डॉक्टर तं नाई ना?"

"नाही रे बाबा!"

तरीही हेमसिंगने जीपमध्ये डोकावून खात्री केली. मग वावराच्या बांधावर जाऊन त्याने हाक दिली, "बाहीर या हो! डॉक्टर नाई, साहेब कोतवाल नेमाले आले! चावडीवर चाला!"

तुरीतून आवाज आला, "खरंच पाह्यलं काय रे?"

"सीटखालीबी पाह्यलं!"

तूर हलली. एकेक करत सगळं गाव चावडीवर आलं. तहसीलदार हसू दाबत माणसं मोजत होते. सर्वांत शेवटी, डोक्यात तुरीची पानं अडकलेला पुंजाजी येऊन रांगेत उभा राहिला.

उकंडराव कडाडले, "तू बाजूले हो बे! तुले नाई मोजाचं!"

"काहून, भाऊजी? मीबी त्याच्याच हाकेवर आलो ना!"