माणिककाका कुलूप लावतात

माणिककाकांना कोपऱ्यावरून कोथिंबीर आणायची असली तरी चांगला पाव तास लागायचा, आणि त्यात कोथिंबिरीचा वाटा अगदी किरकोळ. बाकी सगळा वेळ कुलपाचा. दार ओढायचं, कडी घालायची, कुलूप लावायचं, मग ते दोन्ही हातांनी असं हिसडायचं की वरच्या मजल्यावर माझ्या कपबश्या वाजायच्या. मग दाराला कान लावून उभं राहायचं. फाटकापर्यंत जायचं, परत यायचं. पुन्हा हिसडा, पुन्हा कान. कधीकधी तर भाजीवालीपर्यंत पोचलेले काका रिकामी पिशवी घेऊन उलटे फिरायचे आणि ती तिकडून ओरडायची, "सार, कोत्तिमीरा!"

"कुलूप लावलं म्हणजे लागलं असं नसतंय, पोरी," ते मला म्हणायचे. "माणसानं इत्मिनान करून घ्यावं, खात्री करावी."

मी पुण्याची. दुसऱ्याच्या कुलपात नाक खुपसू नये एवढं सौजन्य आमच्यात असतं. त्यावर बोलू नये इतकं मात्र नसतं. मी विचारायचे, "काका, कान लावून काय ऐकता? चोर आतून आवाज देतो का?" ते नुसतं हसायचे.

नल्लकुंट्यात त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत मी भाड्यानं राहायचे. नव्या नोकऱ्यांच्या लाटेनं आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांना हैदराबादेत आणून टाकलं, आणि त्याच लाटेनं काकांना घरी बसवलं. कुकटपल्लीच्या बाजूला एका सरकारी कारखान्यात ते स्टोअरकीपर होते. व्हीआरएस आली, साहेबांनी हार घातला, शाल दिली आणि चाव्यांचा जुडगा काढून घेतला. त्याच्या थोडं आधी मालनकाकू गेल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. मला जागा देताना काकांनी ना पगार विचारला, ना जात. "मराठी बोलतीस, बस झालं. तुझं कुलूप दाखव." मी दाखवलं. त्यांनी ते तळहातावर तोललं, "हे खेळणं आहे," म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मला सुलतान बाजारात नेऊन एक लोखंडी धोंडा घेऊन दिला.

गल्ली म्हणायची, स्टोअरकीपरची सवय, जित्याची खोड. मीही तेच म्हणायचे. काळजी ही खरजेसारखी पसरते, दुसरं काय. सहा महिन्यांत मीसुद्धा जिन्यावरून परत जाऊन कुलूप हिसडायला लागले.

एकदा आमच्या ऑफिसनं एका क्लबाबरोबर ट्रायथलॉन ठरवली. आधी पोहायचं, ओल्या अंगानंच सायकल हाणायची आणि उतरल्या उतरल्या पळायचं. वयाची अट नव्हती. ऑफिसातल्या पोरांनी त्याच्या पत्रकांवर समोसे खाल्ले. उरलेलं एक मी घरी आणलं, ते काकांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"मधे घरी येता येतंय का?"

"नाही हो. सलग करायचं."

"म्हणजे अख्खी सकाळ बाहेर." ते बराच वेळ दाराकडं बघत राहिले. "माझं नाव घाल."

मला आधी चेष्टा वाटली, मग धडकी भरली. वय साठीकडं झुकलेलं, पोहणं म्हणजे लहानपणी गावच्या विहिरीत मारलेल्या उड्या. "काका, कशाला नस्ती उठाठेव? फिरायला जा की."

"फिरायलाच तर जमत नाही पोरी. कुणाच्या लग्नाला गेलो तर अक्षता पडायच्या आधी घरी. दवाखान्यात नंबर लावतो आन् सोडून येतो. माणूस असं खुंट्याला बांधल्यावानी किती दिवस राहणार? एक सकाळ तरी लांब राहता येतंय का बघू दे."

पोहायच्या तलावावर शिकवायला यादगिरी सर होते. काका पाण्यात उतरले तेव्हा त्यांच्या कमरेच्या काळ्या करदोड्याला घराची आणि सायकलची चावी बांधलेली होती. हात मारला की खुळखुळ, पाय मारला की खुळखुळ. यादगिरी सरांनी कपाळाला हात लावला. "काका, पानी तुमकू नै डुबाता, ये चाबियाँ डुबातीं! निकालो पैले!"

"चाबी नै निकलती, सर," काका काठाला धरून म्हणाले. "बाकी तुम बोले सो करतूँ."

आणि खरंच केलं. नाकातोंडात पाणी जायचं, डोळे लाल व्हायचे, पण महिन्याभरात काका खुळखुळत या टोकाचे त्या टोकाला जायला लागले. यादगिरी सर बाकीच्या पोरांना म्हणायचे, "देखो, वजन लेके तैरते, वजन लेके!"

सायकलीचं प्रकरण अवघड होतं. कारखान्याच्या दिवसांतली काळी, दणकट सायकल काकांनी धुऊनपुसून बाहेर काढली आणि सराव सुरू केला. पण कुठं? गल्लीत. फाटकापासून कोपरा, मागच्या गल्लीतून वळसा, परत फाटक. दर फेरीला एक नजर कुलपावर. पळणंही तसंच. सुरुवातीला कुत्री मागं लागली, नंतर त्यांनी नाद सोडला. समोरच्या बाल्कनीतली आजी म्हणाली की बघून बघून तिलाच चक्कर येते. एवढ्या फेऱ्यांत काका पार विजयवाड्याला जाऊन आले असते, पण दारापासून हाकेच्या पलीकडं काही गेले नव्हते.

"शर्यत तुमच्या घराभोवती नाहीये," मी शेवटी चिडून म्हणाले.

त्यांचा चेहरा एवढासा झाला. मलाच वाईट वाटलं. मग मी रविवारी माझी स्कूटर काढायला लागले. मी पुढं, काका मागं. पहिल्या रविवारी विद्यानगर, पुढच्या रविवारी त्याच्या पलीकडं. एका ठरावीक जागी पोचलं की त्यांचे पाय आपोआप थांबायचे. घाम पुसत मागं वळून बघायचे. "बस पोरी, आज इतकंच." दर वेळी ती जागा जरा पुढं सरकायची, पण परतताना काका असे सुटायचे की माझी स्कूटर मागं पडायची.

शर्यतीच्या आदल्या दिवशी रस्त्याचा नकाशा मिळाला. सायकलचा परतीचा रस्ता आमच्या गल्लीच्या तोंडावरूनच जाणार होता. काकांनी त्या जागी बोट ठेवलं आणि ते उचललंच नाही.

सकाळी तलावाच्या काठावर सगळी पोरं हातपाय झटकत होती. चकचकीत चड्ड्या, चकचकीत चष्मे. काका आपले पांढऱ्या बनियनवर. ओठ कोरडे पडलेले. एकाएकी ते माझ्याकडं आले, पाठ करून करदोड्याची गाठ सोडली आणि दोन्ही चाव्या माझ्या हातात दिल्या.

"तुझ्यापाशी ठेव. माझ्यापाशी असल्या तर मी जाईन."

"आणि सायकल?"

"राहू दे उघडी."

पोहून ते शेवटून दुसरे निघाले. बाहेर आले तेव्हा यादगिरी सर टाळ्या पिटत होते. काकांनी सवयीनं कमरेला हात लावला, तिथं काही नव्हतं, मग सायकलीवर टांग मारली आणि गेले. पोरं एकेक करून परत आली, पळायला लागली, पळून संपलीसुद्धा. काकांचा पत्ता नाही. आधी वाटलं, पडले. मग वाटलं, छाती भरून आली असेल, मीच म्हाताऱ्याला या भानगडीत घातलं. आणि मग खात्रीच झाली की काका आपल्या दाराला कान लावून उभे असणार, आणि तिथून आता काही हलत नाहीत. मुठीतल्या चाव्या तळहाताला रुतत होत्या. शामियानावाले खुर्च्या उचलायला लागले होते. "एक माणूस यायचाय अजून!" मी त्यांच्यावर उगाचच ओरडले.

तेवढ्यात तलावाच्या फाटकातून ती काळी सायकल आत आली.

काका उतरले, सायकल जमिनीवर तशीच टाकली आणि पळायला लागले. पळणं कसलं, भराभरा चालणंच ते. यादगिरी सर शेजारून "चलो काका, चलो" करत धावत होते, दुसऱ्या बाजूनं मी चप्पल हातात घेऊन. शेवटची रेघसुद्धा एव्हाना पुसली गेली होती. यादगिरी सरांनी पायानं मातीत दुसरी ओढली. काका ती ओलांडून मटकन खाली बसले.

रिक्षात मी न राहवून विचारलं, "घरी जाऊन आलात ना?"

"नाही. गल्लीच्या तोंडाशी थांबलो होतो. लई वेळ थांबलो."

घरी आलो. दारापाशी आल्याबरोबर काकांनी कुलूप धरलं आणि कान लावला. मी दमले होते, माझी चिडचिड झाली. "पुरे आता, काका! कोण चोर बसलाय आत?"

"चोराचं कोण म्हणालंय, पोरी?" ते दारापासून न हलता म्हणाले. "सगळ्या कारखान्याच्या चाव्या माझ्यापाशी होत्या, पण या घरात कुलूप नव्हतंच. कधी लागलंच नाही. मी बाहेर, ती आत. तेराव्याला पाहुणे गेले, दूध आणायला निघालो तवा कळलं की दाराला लावायला घरात कुलूप नाही. मग आणलं. लावून निघालो की फाटकापाशी वाटतंय, ती आतच राह्यली. आपण बाहेरून कोंडून चाललो. मग यावंच लागतंय."

इतके महिने मी या माणसाची टवाळी करत होते, आणि ते हसत होते.

"आज गल्लीपाशी तसंच वाटलं," ते म्हणाले. "म्हटलं, थांबल ती थोडी. तीस वर्षं थांबायचीच की."

त्यांनी चावीसाठी हात पुढं केला. मी चावी लगेच दिली नाही. आधी दारावर दोनदा थाप मारली. काकांनी माझ्याकडं बघितलं. आम्ही दोघं उभे राहिलो, आतून कुणी येईपर्यंत जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ. मग त्यांनी कुलूप उघडलं.

"उशीर झाला गं," ते आत बघून म्हणाले, आणि उंबऱ्याशी वाकून बूट काढायला लागले.