वासावरून ड्रम ओळखणारे बारकूकाका

बारकूकाका ड्रम वाजवून बघत नाहीत, हुंगून बघतात. ड्रमच्या अंगाला हवा जायला एक बारीक भोक असतं. त्याला नाक लावायचं, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "लाकूड परदेशी हाय. पन मधी पाच-सात वर्सं कोंबड्यांत होता." ड्रम आणणारा चाट पडतो, कारण त्याने तो सकाळीच खुराड्यातून काढलेला असतो. एकदा मुरबाडच्या एका बेंजो पार्टीवाल्याला म्हणाले, "तुझा बाप बिड्या ओढायचा." तो म्हणाला, "नाय ओढायचा." काका म्हणाले, "घरात नसंल ओढत."

आटगाव स्टेशनापासून वीस मिनिटं चाललं की त्यांचं घर लागतं. मागच्या खोलीत मी भाड्याने राहतो. माझं गाव हिंगोलीकडे. आठवी अर्ध्यावर सोडली तेव्हापासून कुठे ना कुठे कामाला आहे. सध्या आसनगावजवळ पुठ्ठ्याची खोकी बनवायच्या कारखान्यात. मला सारखं वाटत असतं, आपल्या हातून काहीतरी चुकणार आणि लोक जा म्हणणार. पहिल्याच वर्षी मला कावीळ झाली. आजारी भाडेकरू कोण ठेवतो? काका मात्र रोज दोन वेळा पेजेचं पातेलं दारात ठेवायचे, कडी वाजवायचे आणि मी दार उघडेपर्यंत पसार व्हायचे. चांगलं करताना सापडलो तर काय होईल, अशी त्यांना धास्ती असते.

तरुणपणी काका गायन पार्टीत ड्रम वाजवायचे. जयंतीचा महिना आला की आज वैशाखरे, उद्या किन्हवली, परवा आणखी कुठे. पुढे गाणारे एकेक करून गेले, पार्टी मोडली. सेट पुसूनझटकून ठेवणाऱ्या काकीही गेल्या, त्याला आता बारा वर्षं झाली. काकांजवळ उरला तो त्यांचा सेट. शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखी पांढरी चमक असलेला, विलायती. मुंबईच्या हॉटेलात वाजवणाऱ्या एका गोवेकर म्हाताऱ्याने हात थरथरायला लागल्यावर तो काकांना दिला होता. पुढच्या खोलीत चादरीखाली असायचा.

आजूबाजूचे लोक जुने ड्रम दाखवायला काकांकडेच आणतात. काकांचा पहिला प्रश्न ठरलेला. "रंग लावलास काय?" लावला असेल तर ते उठून हात धुऊन येतात, मयतीला जाऊन आल्यासारखे. नसेल तर हुंगतात, आत बघतात आणि मोल सांगतात. त्यांच्याकडे मोल तीनच. "हा ठेवायचा", "हा वाजवायचा" आणि "ह्याच्यात पानी भर". किती येतील असं कोणी विचारलं की चिडतात. "आधी तो कोन हाय ते तर कळू दे! नाव-गाव नाय विचारलं नि बोली लावतोस?"

यंदा काका बाथरूममध्ये पडले. मुलगा बदलापूरला असतो, माणूस चांगला आहे. त्याने ठरवलं, पप्पांनी आता तिकडेच यायचं. पण फ्लॅट केवढासा! "सेट कुठं ठेवनार, पप्पा? रविवारपर्यंत कोनी घेनारा बघा, नायतर मी भंगारवाल्याला सांगतो." काकांनी दोन दिवस भात नुसता चिवडला.

मला राहवलं नाही. मी मोबाइलवर सेटचे फोटो टाकले. मुंबईतून जुने ड्रम जमवणाऱ्या एका साहेबांचा फोन आला. काका त्यांच्याशी तासभर बोलले. मला एकच बाजू ऐकू येत होती. "कंपनीचा शिक्का? हाय ना. मोठ्या ड्रमच्या, बेसच्या आत, शाईचा. हां, या की रविवारी." फोन ठेवल्यावर मला म्हणाले, "विकत नाय रे मी. सोपवतोय. ह्यो कोन हाय ते कळनारा पयला मानूस भेटला." आणि रविवारची दाढी शुक्रवारीच करून बसले.

शनिवार-रविवारची मी सुट्टी काढली. दुपारी काका आत आडवे झाले होते. आमच्याकडे बैल बाजाराला न्यायचा तर आदल्या दिवशी नदीवर घासूनपुसून धुतात, शिंगांना तेल लावतात. मळका बैल दाखवणं म्हणजे घराची लाज. मला तेवढंच ठाऊक. मी सेट अंगणात काढला. ड्रमच्या तोंडावरची पानं उतरवली. धुण्याची पावडर घालून ड्रम आतून-बाहेरून धुतले, कड्यांचा गंज कारखान्यातल्या पॉलिश पेपरने काढला, कंपनीच्या नावाचा पितळी बिल्ला चिंचेने घासला. रंगाचा थेंब लावला नाही, याचा तर मला अभिमानच होता.

चारच्या सुमाराला काका बाहेर आले. सेट उन्हात लखलखत होता. त्यांनी बेसच्या कडेवरून हात फिरवला, आत वाकून पाहिलं.

"च्या ठेव," म्हणाले.

मला वाटलं, खूश झाले.

रविवारी साहेब आले. भला माणूस. चपला बाहेर काढल्या, तांब्यातलं पाणी घेतलं. सेट बघून मात्र थबकले. बिल्ल्यावरून अंगठा फिरवला. त्यावरची अक्षरं चिंचेबरोबर गेली होती. मग बेसमध्ये बॅटरी मारून खूप वेळ शोधत राहिले.

"शिक्का कुठे आहे?"

"होता," काका म्हणाले.

"हे धुतलंय कोणी?"

मी उंबऱ्यातून उठलो.

"मी," काका म्हणाले. "मीच धुतला. पावडर टाकून."

"तुम्ही? अहो, परवा फोनवर तुम्हीच मला सांगत होता, जुन्या ड्रमला ओलं फडकंसुद्धा लावू नये."

"हां. सांगतो मी लोकांना."

"मग?"

"म्हातारपन. पावना येनार म्हनून हौस केली."

साहेब त्यांच्याकडे ज्या नजरेने बघत होते ती माझ्या ओळखीची आहे. कारखान्यात मला इंग्रजी फॉर्म भरता येत नाही तेव्हा माझ्याकडे तसं बघतात. काकांकडे तसं बघताना मी कोणाला पाहिलं नव्हतं.

"हा तोच असेल," साहेब हळू म्हणाले, "पण आता कशावरून म्हणायचं?"

"वासावरून. तुमी एकदा घेऊन तर बघा."

साहेबांनी खरंच गुडघे टेकले, भोकाला नाक लावलं. मी मनात हात जोडले.

"साबणाचा वास येतोय, काका."

काका हसले. साहेबही थोडे हसले, बिचाऱ्यांना बरं वाटावं म्हणून. मग चहा न घेताच निघाले.

दुपारी मुलाचा फोन आला. काका म्हणाले, "गेला सेट. सायेब घेऊन गेले. लय खूश झाले." फोन खिशात टाकला आणि मला म्हणाले, "धर त्या बाजूनं." आम्ही दोघांनी एकेक ड्रम उचलून माझ्या खोलीत नेला. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये कसाबसा बसला सेट.

मग मला रडू फुटलं. "काका, माझं नाव का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? महिनाभर तोंड चुकवत फिरला असतास माझ्यापासून. नि मी तर बुधवारी चाललो."

"मला शिक्क्याचं काय कळतंय, काका! आईशप्पथ, मला ठाऊक नव्हतं."

"मला होतं ना. मी खिडकीत होतो."

"कधी?"

"तू बेस उघडलास तवापासून."

"मग हाक का नाही मारली?"

काका पलंगाच्या कडेवर बसले.

"मारनार होतो. तोंडात आलेली. पन तू अंगनात मांडी घालून बसलेलास, बेस मांडीवर. एक एक स्क्रू काढून वाटीत ठेवत होतास, त्याला दुखंल बिखंल असा. तुझी काकी गेल्यापासून त्याला कोनी मांडीवर घेतलं नव्हतं रे. मंग बघतच बसलो."