टिटवीचं सुवर्णपदक

एका जंगलात, बाळांनो, एक विद्यापीठ होतं. जंगल म्हटलं की विद्यापीठ हवंच, नाहीतर बिनकामाच्या प्राण्यांनी दिवसभर बसायचं कुठे? तर त्या विद्यापीठात एक नवा विभाग निघाला. संगीत तंत्रज्ञान आणि डिजिटल कला. पाटी एवढी लांब की टांगायला दोन झाडं लागली.

जंगलात लॅपटॉप कुठून आले, असं विचारू नका. सिंहाच्या डोक्यावर मुकुट कुठून आला, हे कधी विचारलंत? नाही ना. मग गुमान ऐका.

त्याच जंगलात नदीकाठच्या माळावर टिटव्यांची वस्ती होती. टिटवी झाडावर घरटं बांधत नाही. उघड्या माळावर, दगडगोट्यांत अंडी घालते. मग ती राखायची कशी? ओरडून. कोल्हा दिसला की पहाऱ्यावरची टिटवी असं काही किंचाळायची की सगळी वस्ती उठून कोल्ह्याच्या टाळक्यावर झेपा घ्यायची. कोल्हा शेपूट घालून पळायचा.

पण आवाज मात्र कानाचे पडदे फाडणारा. टिटवी ओरडली की पलीकडची हरणं थू थू करायची. "मेली अपशकुनी," म्हणायची.

या वस्तीत भागी नावाची एक तरणी टिटवी होती. तिला हे फार लागायचं. आपल्या आवाजाला एकदा तरी कुणी वाहवा म्हणावं, एवढंच तिचं मागणं होतं. त्यात वाईट काय? मलाही तसंच वाटतं. पण मला कोण म्हणतंय.

भागी त्या नव्या विभागात गेली. विभागप्रमुख होते प्राध्यापक ढवळे. जातीचे बगळे. एका पायावर तासन्‌तास उभं राहायची सवय असल्यामुळे जंगलात त्यांना थोर विचारवंत समजत.

"सर, मला गाता येत नाही," भागी म्हणाली.

"मग योग्य ठिकाणी आलीस," ढवळे सर म्हणाले. "गाणारे इकडे फिरकत नाहीत."

खरंच होतं ते. वर्गात बेडूक होता, कावळा होता, आणि एक गाढव तर पहिल्याच वर्षात म्हातारं व्हायला आलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं पूर्वी लोक म्हणत. आता अंगण सरळ करायची पदवी मिळते.

भागी मन लावून शिकली. कानाला हेडफोन लावून तिने स्वतःची हाक लॅपटॉपच्या पडद्यावर रेघेसारखी उमटलेली पाहिली. बाभळीची फांदी पसरावी तसे नुसते काटेच काटे.

"किती उग्र दिसतंय," सर म्हणाले. "काप ते."

भागीने काटे कापले.

"ही घाई कशाला? ताण जरा."

भागीने हाक ताणली.

"आता ही भीती. ऐकणाऱ्याला दचकवणं असंस्कृतपणाचं आहे, भागी. भीती काढ."

भागीने भीतीही काढली. मग वरून इको सोडला, खाली तानपुरा लावला. उरलं ते इतकं गोड होतं की गाढवाने डोळे पुसले. प्रोजेक्टला नाव दिलं, 'भय: एक पुनर्विचार'. भागीला सुवर्णपदक मिळालं, आणि पदकासोबत एक स्पीकर.

वस्तीत तिची मिरवणूक निघाली. जन्मभर थू थू ऐकलेल्या सोनूआत्याचा ऊर भरून आला. "सात पिढ्या अपशकुनी म्हणवून घेतलं आपण," ती म्हणाली. "पोरीने पांग फेडले." तिथल्या तिथे ठरलं. यापुढे पहाऱ्यावर कुणी घसा फोडायचा नाही. कोल्हा दिसला की स्पीकरचं बटण दाबायचं. हरणांनी टाळ्या वाजवल्या.

भागीची आई चाचरत म्हणाली, "भागे, ऐकायला छान वाटतं गं. पण ऐकून उठावंसं वाटत नाही."

"आई, तुला त्यातलं कळत नाही."

आईला खरंच कळत नव्हतं. मग तीही मान डोलवायला लागली.

यथावकाश भागीचं लग्न झालं. माळावर तिने चार अंडी घातली. ती त्यांच्यावरून नजर काढत नसे. पहिलटकरीण होती बिचारी. एका दुपारी पहारा तिच्याकडेच होता. प्रोजेक्ट प्रत्यक्षात कसा चालतो ते बघायला ढवळे सरही आले होते. आणि कोल्हा आला.

भागीने बटण दाबलं.

माळावर मंद सूर पसरले. वस्तीने डोळे मिटले. कोल्हा आधी बिचकला, कारण त्याला झेपांची सवय होती. मग त्यालाही बरं वाटू लागलं. तो चालत चालत भागीच्या अंड्यांपाशी आला.

भागीने आवाज वाढवला. वस्ती आणखी रंगली. भागीने आणखी वाढवला. सोनूआत्या तर झोपीच गेली. कोल्ह्याने पहिलं अंडं फोडलं, दुसरं फोडलं. घाई कसली? जेवताना संगीत कुणाला नको असतं?

शेवटी भागीने स्पीकरला लाथ मारली आणि ती ओरडली. जुनं ओरडणं. त्यात काटे होते, घाई होती, भीती तर काठोकाठ होती. वस्ती धडपडत उठली. कोल्हा तोवर मिशा पुसत होता.

"ताई, आधीचं बरं होतं," तो म्हणाला आणि चालता झाला.

टरफलांपाशी उभी राहून भागी ओरडतच राहिली. पलीकडून हरणांनी थू थू केलं. ढवळे सर जवळ आले. त्यांचे डोळे खरोखर पाणावले होते. उगाच त्यांना निर्दय म्हणू नका.

"काय आवाज लागलाय, भागी," ते म्हणाले. "केवढी वेदना." मग त्यांनी हळूच विचारलं, "रेकॉर्ड केलंस ना?"

भागीने नाही म्हणून मान हलवली.

"अरेरे," सर म्हणाले. त्या दिवसात पहिल्यांदाच त्यांना मनापासून वाईट वाटलं.

तात्पर्य: ओरडायची वेळ आलीच, तर आधी माइक लावावा. अंडी काय, पुढच्या वर्षीही घालता येतात. असा टेक पुन्हा मिळत नाही.